नृत्य आणि पांच फुटांचें अंतर

नृत्य पाहावयाचें तें नाट्यगृहांत, पडदा, दिवे आणि क्रमांक घातलेल्या खुर्च्या यांच्या बंदोबस्तांत, अशी आम्हां पांढरपेशांची समजूत होऊन बसली आहे. गेल्या कांहीं वर्षांत मुंबईच्या उपनगरांतून या समजुतीस धक्का देणारा प्रघात पडला आहे. वर्सोव्याच्या आराम नगरांत जुन्या बंगल्यांच्या खोल्यांतून हरकत स्टुडिओसारख्या जागा उभ्या राहिल्या. उपाहारगृहांच्या माळ्यांवर, क्वचित् जेथें पेयपानहि चालतें अशा दालनांतून, तरुण मुलेंमुली आठ-दहा मिनिटांचीं, फार तर पंधरा मिनिटांचीं नृत्यें बसवून दाखवूं लागलीं. रंगमंच नाहीं, टेबलें बाजूस सारून जी जागा मोकळी होईल तोच रंगमंच. प्रेक्षक तीन बाजूंस, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. या नृत्यास हीं मुलें ‘कंटेम्पररी’ म्हणतात. आपण समकालीन नृत्य म्हणूं. घरांतील मुलगी अशा ठिकाणीं नाचण्याची परवानगी मागते, तेव्हां वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. आमच्या वाकोल्याच्या घरांतहि ती पडली, आणि ती कां पडली याचा विचार करतांना जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शास्त्रास विचारूं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहांचीं मापें दिलीं आहेत: ज्येष्ठ १०८ हातांचें, मध्यम ६४ हातांचें, कनिष्ठ ३२ हातांचें. मर्त्य माणसांसाठीं त्यांनीं मध्यम पसंत केलें आणि त्याहून मोठें बांधूं नये असें बजावून कारणहि दिलें. गृह फार विस्तीर्ण झालें कीं शब्द नीट ऐकूं येत नाहींत आणि मुखावरील भाव अस्पष्ट होतात. ६४ हात म्हणजे सुमारें ९६ फूट. त्यांतील अर्धा भाग रंगाचा व नेपथ्याचा, तेव्हां प्रेक्षकांच्या वांट्यास अठ्ठेचाळीस फूट आले. आजच्या मोठ्या नाट्यगृहांत मागल्या रांगेस बसून नर्तकीच्या भिवईची हालचाल दिसेल अशी आशा कोणी धरूं नये. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत मालविका जें नृत्य करून दाखविते तें एका चतुष्पदीवरचें, म्हणजे अगदीं लहान. पाहणारे मोजके, राजा, राणी, विदूषक, दोघे नाट्याचार्य, आणि निवाडा करावयास परिव्राजिका कौशिकी. संन्यासिनी नृत्याची परीक्षक! हा अंक शिकवितांना वर्गांतील मुलें येथें हटकून हंसत, आणि आम्हांसहि तें हंसें आवडे. लहान नृत्य, लहान जागा आणि जवळचा प्रेक्षक ही कांहीं पश्चिमेकडून आणलेली उसनवारी नव्हे.

‘पण राजवाडा निराळा आणि जेथें पेले वाजतात ती जागा निराळी,’ असें कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. तेव्हां रात्रीच्या जागेचेंच उदाहरण घेऊं, आणि तें आपल्या महाराष्ट्रांतच आहे.

संगीत बारी हा शब्द पुष्कळांनीं ऐकलेला असतो. तिचा व्यवहार थोड्यांस ठाऊक असतो. बारी म्हणजे पाळी. पुण्याचें आर्यभूषण, दौंडकडील चौफुला, सोलापूर जिल्ह्यांतील मोडनिंब, नगर जिल्ह्यांतील जामखेड अशा ठिकाणच्या थिएटरांत एकाच आवारांत अनेक पार्ट्या बिऱ्हाड करून राहतात. पार्टीची मालकीण बहुधा एके काळीं स्वतः नाचलेली बाई. तिच्या हाताखालीं नाचणाऱ्या, गाणाऱ्या, पेटी, तबला आणि ढोलकी वाजविणारे. तिकिटाच्या खेळांत एका पार्टीनें आपल्या पाळीस मंचावर यावें, मुजरा करावा, दोनचार लावण्या म्हणाव्या, उतरावें. लगेच दुसरीनें चढावें. आजचीं मुलें एका संध्याकाळीं चार-पांच लहान नृत्यें एकामागून एक लावतात आणि त्यास नवी योजना समजतात. पाळीचा हा हिशेब बारीवाल्यांनीं फार पूर्वीच बसविलेला आहे.

मंचावरचा भाग झाला तो दर्शनी. कसब लागतें तें बैठकींत. आंतल्या खोलींत सतरंजी, भिंतीस लोड, समोर चार-सहा माणसें. बिदागी आधीं ठरलेली. बैठकीच्या लावणींत पायांचें काम कमी, अदा अधिक. बाई बसते, एकच ओळ पुन्हां पुन्हां घेते, आणि दर खेपेस तिचा अर्थ पालटते. एकदां रुसवा, एकदां थट्टा, एकदां नुसता पदर सांवरणें, आणि मग अकस्मात् अशी एक नजर कीं समोरचा मनुष्य आपणच अपराधी असल्यासारखा मान खालीं घालतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदेच्या थोर जाणकार. १९७५ सालीं त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं, वयाची शंभरी उलटल्यावर, त्या निवर्तल्या. डॉ. अशोक दा. रानडे यांनीं बैठकीच्या लावणीचे सप्रयोग कार्यक्रम केले, तेव्हां कोठें सुशिक्षित श्रोत्यांस कळलें कीं या गाण्यांत ठुमरीच्या तोडीचें कांहीं आहे. तोंवर आमच्या वडिलांच्या पिढींत तमाशास जाणें म्हणजे उपरण्यानें तोंड झांकून जाणें. लालबागचें हनुमान थिएटर गिरणगांवाच्या भर वस्तींत होतें. १९८२ च्या संपानें गिरण्यांचा कणा मोडला, आणि त्या थिएटराचे दिवसहि भरत आले.

या चित्रास सोन्याची चौकट लावण्याचा आमचा विचार नाहीं. नाचणाऱ्या मुलीचें लग्न नसे, यजमान असे; तिच्या मुलांस बापाचें नांव नसे; तिच्या कमाईवर घरांतील पुरुष बसून खात. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचें ‘कोल्हाट्याचं पोर’ हें आत्मचरित्र १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. तें ज्यानें वाचलें असेल, त्यास बारीच्या दिव्यांखालचा अंधार सांगावयास नको. नांवाप्रमाणें आईचें नांव लावणारा हा लेखक त्याच अंधारांतून शिकून डॉक्टर झाला. कला उच्च आणि कलावतीची स्थिति हीन, अशी जोडी एकाच खोलींत नांदत आली आहे. आपल्या मुलीबाळी नव्या जागांत नाचावयास निघाल्या असतां विचार करावयाचा तो याच जोडीचा.

सरकारनें हा विचार बहुधा बंदीच्या वाटेनें केला. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली. पुढें दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली आणि अटी घालून खेळ पुन्हां सुरू झाले. २००५ सालीं तोच प्रकार डान्सबारांच्या बाबतींत घडला. त्या कायद्यांत एक मौज होती. उपाहारगृहें, परमिट रूम आणि बिअर बार यांतील नृत्य बंद. पण नाट्यगृहें, जिमखाने आणि तीन किंवा अधिक तारे असलेलीं हॉटेलें यांस मोकळीक! वाकोल्याच्या माणसास हा भेद सायंकाळच्या फेरफटक्यांत पायीं हिंडून दाखवितां आला असता. इकडे पश्चिम द्रुतगति महामार्ग आणि विमानतळ यांच्या आसऱ्यानें वाढलेलीं तारांकित हॉटेलें, तिकडे गल्लींतले साधे बार. तेंच गाणें, तेंच पाऊल. एका दारांत तें मनोरंजन, दुसऱ्या दारांत अपराध. मुंबई उच्च न्यायालयानें १२ एप्रिल २००६ रोजीं हा कायदा रद्द ठरविला आणि १६ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. मधल्या आठ वर्षांत, त्या काळीं सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या आंकड्याप्रमाणें, सुमारें पाऊण लाख बायकांचें काम गेलें होतें. तें निकालानें परत आलें असें नाहीं. २०१४ सालीं सरकारनें तारांकितांची मोकळीकहि काढून घेतली, म्हणजे बंदी सर्वांस सारखी केली. तीस २०१५ सालीं स्थगिति मिळाली. २०१६ सालीं नवा कायदा आला. त्यांतील कित्येक अटी १७ जानेवारी २०१९ च्या निकालानें गळाल्या. नोटा उधळण्याची मनाई राहिली, बक्षिशी देण्याची मुभा मिळाली, आणि सायंकाळीं ६ पासून रात्रीं साडेअकरापर्यंतची वेळ कायम झाली.

या सर्व कज्जेदलालींत आमचें लक्ष एका बारीक गोष्टीनें वेधलें. २०१६ सालच्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयांत परवान्याच्या अटी ठरल्या, त्यांत असें आहे कीं नाचाच्या मंचास लागून ३ फूट उंचीचा कठडा असावा, आणि कठडा व गिऱ्हाइकांचीं आसनें यांमध्यें ५ फुटांचें अंतर असावें. भरतमुनि म्हणतात जवळ बसा, नाहीं तर भाव दिसणार नाहीं. कायदा म्हणतो दूर बसा, नाहीं तर हात पुढें येईल. दोघांचेंहि म्हणणें खरें. बैठकींत कठडा नसतो. तेथें चांगल्या पार्टींत मालकिणीची नजर हाच कठडा. गिऱ्हाईक मर्यादा सोडूं लागलें कीं ढोलकीवाल्याचा हात थांबतो, आणि बैठक मोडली हें न सांगतां सर्वांस कळतें. जेथें ही सत्ता नाचणारीच्या पक्षाकडे राहिली तेथें तिची अब्रू राहिली. जेथें ती पैसेवाल्याकडे गेली तेथें कठडे बांधूनहि राहिली नाहीं. तेव्हां ‘जागा कोणती’ या प्रश्नापेक्षां ‘त्या जागेंत अंतर कोण ठेवतो’ हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

पश्चिमेकडील हकीकत थोडक्यांत सांगूं, कारण तीहि याच अंगाची आहे. लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी १८९२ सालीं पॅरिसच्या फोली बर्जेरमध्यें रेशमी वस्त्रें आणि रंगीत प्रकाश घेऊन नाचली. त्याच मंचावर कसरतवाले आणि विदूषक येत. रूथ सेंट डेनिस हिनें १९०६ सालीं न्यूयॉर्कांत ‘राधा’ नांवाचें नृत्य आणलें आणि तें नानाविध करमणुकींच्या खेळांत आपल्या पाळीस करूं लागली. आमची राधा तेथें काय काय सोशीत होती, देव जाणे! आज विद्यापीठांतून शिकविलें जाणारें आधुनिक नृत्य अशा जागांतून वर आलें. कथक व कथकली शिकून, लंडनास मार्था ग्रॅहॅम यांच्या पद्धतीचा अभ्यास करून, आपल्या मुंबईंत स्वतःची वाट पाडणारे अस्ताद देबू २०२० सालीं वारले. नाट्यगृहाबाहेरच्या जागांचें त्यांस कधीं वावडें नव्हतें. आणि मराठी नाटकाविषयीं बोलावयाचें तर दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत १९७४ पासून ‘आविष्कार’नें प्रयोग केले, तेव्हां तेथें तरी कोठें मखमली पडदा होता?

आतां आमच्या घरची गोष्ट. धाकट्या चिरंजीवांची कन्या अकरा वर्षें कथक शिकली. कलिन्याच्या विद्यापीठांत पदवीचा अभ्यास करतां करतां तिला या नव्या नृत्याचा नाद लागला. दोघी मैत्रिणींसह तिनें बारा मिनिटांचें एक नृत्य बसविलें. विषय: पहाटे नळास पाणी येण्याची वाट पाहणाऱ्या बायका. सामान काय, तर एक कळशी. प्रयोग महामार्गापलीकडच्या एका उपाहारगृहाच्या माळ्यावर, रात्रीं साडेआठास, आणि तेथें पेय मिळतें. चिरंजीवांचा कल नकाराकडे, सूनबाई गप्प, आमचें कुटुंब देवापुढें वाती वळीत होतें, तें म्हणालें, ‘आधीं तिला काय करायचं आहे तें इथें करून दाखवूं दे.’ माजघरांतील टीपॉय हलविला आणि मुलीनें कळशीसह तें करून दाखविलें. घरांत पाण्यासाठीं पहाटे उठलेल्या तीन पिढ्यांच्या बायका बसल्या होत्या. त्यांस त्याचा अर्थ सांगावा लागला नाहीं. उभ्याउभ्या डुलकी लागून डोकें शेजारणीच्या खांद्यावर पडतें आणि दोघीहि दचकतात, या ठिकाणीं सूनबाईंस हंसूं आवरेना.

प्रश्न विचारले ते थोरल्या वहिनींनीं, आणि ते आम्हां पुरुषांस सुचले नव्हते. ‘वर जायला जिने किती? एकच असेल तर मी नाहीं म्हणेन.’ २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीं लोअर परळच्या कमला मिल आवारांतील गच्चीवरच्या पबांस आग लागून १४ माणसें दगावलीं, हें त्या विसरल्या नव्हत्या. मग, ‘कपडे बदलायची खोली आहे कां, आणि तिला आंतून कडी आहे कां? पैसे कोण देणार, केव्हां देणार? कोणी आगाऊपणा केला तर खेळ थांबवायचा हुकूम कोणाचा? मालकाचा कीं तुमचा?’ मुलीनें शेवटचा प्रश्न लिहून घेतला आणि दुसरे दिवशीं मालकास विचारला. त्यानें सांगितलें, ‘तुमचा.’ जिने दोन निघाले. ध्वनिक्षेपक दहाच्या आंत बंद होणार होता. परवानगी मिळाली, पण घरांतील सात माणसें बरोबर येणार या अटीवर.

तेथें जाऊन आम्हीं पाहिलें तें असें. जमीन चकचकीत लादीची. नाचाच्या शाळेंत किंचित् दबणारी लांकडी जमीन असते. लादी ही गुडघ्यांची वैरीण. मुलींनीं म्हणून आदल्या दिवशीं येऊन सर्व उड्या काढून टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागीं बसणें-उठणें घातलें होतें. पंखा इतका खालीं कीं कळशी डोक्यावर घेतली तर ती पात्यास लागावी. विंग नाहीं, म्हणून प्रवेश मुदपाखान्याच्या दारांतून. वाढप्यांच्या रांगेंतून तिघी आल्या तेव्हां पुष्कळांस त्या नाचणाऱ्या आहेत हें कळलेंच नाहीं. फळांचा रस काढण्याचें यंत्र मध्येंच घरघरे. दिवे दोन. पण आमच्यापासून चार हातांवर तिघींचे चेहरे होते, आणि झोंप, चीड, अर्धवट हंसूं, सारें दिसत होतें. मोठ्या नाट्यगृहांत यांतील पाऊणपट वायां गेलें असतें.

सहाव्या-सातव्या मिनिटास जवळच्या टेबलावरचा एक गृहस्थ मोबाइलवर मोठ्यानें बोलूं लागला. आमच्या चिरंजीवांनीं खुर्ची मागें सारली. तेवढ्यांत मुलीनें कळशी खालीं ठेवली, लादीवर तिचा टण् असा आवाज झाला, आणि ती त्या गृहस्थाकडे पाहत उभी राहिली. राग नाहीं, विनंति नाहीं. नळावर पाळी मोडून पुढें घुसणाऱ्याकडे जसें पाहतात तसें. इतर दोघीहि वळून पाहूं लागल्या. सगळें दालन त्याच्याकडे पाहूं लागलें. त्यानें यंत्र खिशांत घातलें. मुलीनें कळशी उचलली आणि नृत्य पुढें चालू झालें. नवख्या प्रेक्षकांस तें बसविलेलेंच वाटलें असावें. आमचें कुटुंब कानाशीं लागून म्हणालें, ‘हें हिला कोणीं शिकवलं?’

कोणीं शिकविलें तें सांगतां येत नाहीं. पण अशी नजर कोठें शिकविली जाते तें सांगतां येतें. भूषण कोरगांवकर यांचें ‘संगीत बारी’ हें पुस्तक २०१४ सालीं निघालें. त्यापूर्वीं २००८ सालीं सावित्री मेधातूल यांनीं ‘नटले तुमच्यासाठी’ हा या बायकांवरचा अनुबोधपट केला होता. पुढें दोघांनीं मिळून त्याच नांवाचा, म्हणजे ‘संगीत बारी’चा, रंगमंचीय कार्यक्रम उभा केला. त्यांत निवेदक हकीकत सांगतात आणि शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या बारींतल्या कलावती स्वतः लावणी करतात. घरंदाज बायका नवऱ्यांसह येऊन बैठकीची लावणी पाहूं लागल्या, यांत या कार्यक्रमाचा मोठा वांटा आहे. आम्हांस एवढेंच खटकतें कीं निवेदक शेजारी उभा राहून हमी देईपर्यंत आमच्यासारख्यांस ती कला दिसत नव्हती. कलावती तीच, अदा तीच. हमीदार मात्र आपल्यांतला लागला. तिच्या स्वतःच्या थिएटरांत जाऊन तिकीट काढून बसणारीं कुटुंबें अजूनहि बोटांवर मोजावीं.

आमच्या नातीच्या मंडळींनीं आतां असें योजिलें आहे कीं पुढच्या खेपेस त्याच माळ्यावर बारींतील एखाद्या वडील बाईंस बोलवावें. त्यांनीं बसून एक लावणी करावी, आणि तिच्यानंतर मुलींचें नळाचें नृत्य व्हावें. बाईंस बिदागी किती द्यावी यावर घरांत दोन संध्याकाळ वाद चालला. कोणी म्हणे त्या थोर, त्यांस अधिक; कोणी म्हणे मुलींनीं कांहींच घेऊं नये, हौस आहे. वहिनींनीं हौस हा शब्द खोडून काढला. ‘फुकट नाचणाऱ्या शिकलेल्या मुली मिळूं लागल्या, तर ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना उद्यां कोण बोलावील? मुलींनीं पैसे घ्यायचे. बाईंनाहि माणशीं तेवढेच, शिवाय येण्याजाण्याचं भाडं. आणि पाकीट खेळाआधीं हातांत द्यायचं.’ त्याप्रमाणें मालकास कळविलें आहे. भाड्याची रक्कम त्यानें मान्य केली. आगाऊ देण्याविषयीं त्याचें उत्तर यावयाचें आहे.